राजजन्म आणि जनापवाद

मराठी वाक्यात ‘म्हणे’ या शब्दाला जे स्थान आहे, त्याकडे व्याकरणकारांपेक्षा वाङ्मयाच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे. ‘राजाला मुलगा झाला’ हे विधान आहे आणि त्याच्या खरेखोटेपणाची जबाबदारी बोलणाऱ्यावर असते. ‘राजाला मुलगा झाला म्हणे’ असे म्हणताच ती जबाबदारी कोणाच्याच माथी राहत नाही; बोलणारा केवळ वाहक ठरतो आणि मूळ वक्ता नेहमीच पडद्याआड असतो. अफवेसाठी मराठीने योजलेले इतर शब्दप्रयोगही असेच बोलके आहेत. आवई उठते, कंडी पिकते, वावडी उडते. आवई उठवणारा, कंडी पिकवणारा असा कोणी असणार हे भाषेला ठाऊक नाही असे नव्हे, तशी प्रयोजक रूपेही तिच्यापाशी आहेत; पण व्यवहारात कर्त्याविना चालणारी क्रियापदेच अधिक कामी येतात. वावडी हा तर मूळचा पतंगाचाच एक प्रकार. तो आकाशात दिसतो सर्वांना. त्याची दोरी कोणाच्या हाती आहे हे मात्र दिसत नाही.

अफवांचे प्रकार अनेक असले तरी राजकुलातील अपत्याच्या जन्माविषयीची अफवा ही त्यांतली सर्वांत चिवट म्हणावी लागेल. राजसत्ता जेथे वंशपरंपरेने चालते, तेथे साऱ्या राज्याचा कायदा अखेर एका शयनगृहात घडलेल्या घटनेवर तोललेला असतो; आणि ती घटना फारच थोड्यांनी पाहिलेली असते. मूल राणीचे आहे याला साक्षीदार आणता येतात. ते राजाचे आहे हे मात्र शेवटी विश्वासानेच मानावे लागते. या दोन फटींतून दोन निरनिराळ्या कथा जन्म घेतात: मूल बदलले ही एक, आणि मूल परपुरुषाचे ही दुसरी. दोन्ही कथा एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, पण दोन्ही एकाच वेळी सांगितल्या मात्र जातात. हे कसे घडते, आणि पुराव्याने अशी कथा का मरत नाही, हे पाहण्यास इंग्लंडच्या इतिहासातील १६८८ सालच्या प्रकरणाइतके सोयीचे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

दुसरा जेम्स १६८५ साली इंग्लंडच्या गादीवर आला. राजा कॅथलिक, प्रजा बहुतांशी प्रॉटेस्टंट. तरीही प्रजेने दम धरला होता, कारण राजाला वारस होत्या त्या पहिल्या पत्नीपासूनच्या दोन मुली, मेरी आणि अॅन, आणि दोघीही प्रॉटेस्टंट. मेरी हॉलंडमध्ये ऑरेंजच्या विल्यमची पत्नी होती. म्हणजे राजा वृद्ध होईल, जाईल, आणि संकट आपोआप टळेल असा हिशेब होता. राजाची दुसरी पत्नी, मोदेनाची मेरी, ही इटालियन कॅथलिक. १६७३ साली विवाह झाला तेव्हा ती अवघी पंधरा वर्षांची होती. तिची अनेक अपत्ये झाली आणि गेली. एकही जगले नाही. अशा स्थितीत १६८७ च्या अखेरीस राणीला पुन्हा दिवस गेल्याची वार्ता बाहेर आली. त्यापूर्वी राणी बाथच्या उष्णोदकाच्या कुंडांवर जाऊन आली होती आणि राजाने वेल्समधील संत विनिफ्रेडच्या पवित्र विहिरीची यात्रा केली होती. कॅथलिकांना हा नवस फळल्याचा पुरावा वाटला. प्रॉटेस्टंटांना नेमका तोच संशयाचा आधार वाटला. मूल जन्मण्याआधीच कथेचा पूर्वार्ध असा तयार होता.

१० जून १६८८ रोजी, तेव्हाच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे, रविवारी सकाळी दहाच्या सुमारास लंडनमधील सेंट जेम्स राजवाड्यात राणी प्रसूत झाली आणि मुलगा झाला. त्या दिवसाची मांडणी एखाद्या नाटककाराने केली असती, तर समीक्षकांनी त्यास असंभाव्यतेबद्दल दोष दिला असता. अपेक्षित तारखेबाबत दोन हिशेब होते, आणि जन्म त्यांपैकी आधीच्या तारखेला झाला. राणी आदल्याच रात्री व्हाइटहॉल सोडून सेंट जेम्सला आली होती. रविवार असल्याने अनेक प्रॉटेस्टंट सरदार चर्चमध्ये होते. राजकन्या अॅन प्रकृतीच्या कारणाने बाथला गेली होती. आणि ज्याच्या साक्षीने राजजन्माला सर्वाधिक वजन यायचे तो कँटरबरीचा आर्चबिशप सॅनक्रॉफ्ट, राजाच्या धार्मिक सवलतींच्या जाहीरनाम्याविरुद्ध अर्ज केल्याबद्दल इतर सहा बिशपांसह दोनच दिवसांपूर्वी टॉवरच्या तुरुंगात गेला होता. दालनात व लगतच्या खोल्यांत पन्नासांहून अधिक माणसे होती. पण विश्वास ठेवावा अशी माणसे नेमकी नव्हती, आणि जी होती ती एकतर कॅथलिक होती किंवा राजाच्या अन्नावर वाढलेली होती.

अशा वेळी ते सुप्रसिद्ध भांडे कथेत येते. त्या काळी इंग्लंडमध्ये अंथरूण उबवण्यासाठी लांब दांड्याचे, झाकणाचे, पितळी किंवा तांब्याचे एक थाळीवजा भांडे वापरीत. त्यात निखारे भरून ते पांघरुणाखाली फिरवावयाचे. असे एक भांडे त्या सकाळी राणीच्या शय्येपाशी आणले गेले. शय्येच्या उशाशी एक दार होते. झाले! कोणा गिरणीवाल्याचे, कोणाच्या मते दुसऱ्याच कुणाचे, नुकते जन्मलेले मूल त्या भांड्यातून राणीच्या अंथरुणात पोहोचले अशी वार्ता काही दिवसांत लंडनभर झाली. जूनमध्ये अंथरूण उबवण्याची गरजच काय, हा प्रश्न प्रत्येकाला स्वतःच सुचल्यासारखा वाटू लागला.

या भांड्याने जे साधले ते बिशपांच्या अर्जाने किंवा पार्लमेंटमधील भाषणांनीही साधले नव्हते. ते प्रत्येक घरात होते. घराघरांतील मोलकरणीला त्याचे वजन माहीत होते, त्याचा घेर माहीत होता. खरे पाहता त्या उथळ भांड्यात जिवंत अर्भक मावणे आणि न रडता दालन ओलांडून जाणे अशक्यप्रायच. पण अॅरिस्टॉटलने काव्यशास्त्रात सांगून ठेवलेच आहे की, कवीने अविश्वसनीय शक्यतेपेक्षा विश्वसनीय अशक्यतेस पसंती द्यावी. अफवेच्या अनामिक कर्त्याने ग्रीक न वाचताच हा नियम पाळला. वास्तवाची बाजू मात्र रचनेत कच्ची होती: एक विहीर, दोन तारखा, रिकाम्या राहिलेल्या चार मोक्याच्या जागा. एकोणतीस वर्षांची प्रसूत होणारी स्त्री मात्र या साऱ्या वादात कोणाच्या हिशेबी नव्हती.

अॅनने आपल्या बहिणीला हॉलंडमध्ये जी पत्रे लिहिली, ती या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. मूल जन्मण्याच्या काही महिने आधी, मार्चमध्येच, सावत्र आईचा गरोदरपणा खोटा असावा असे ती सुचवते. जुलैत मेरीने प्रश्नांची एक यादी पाठवली: दालनात कोण होते, दिवे व पडदे कसे होते, कोणी काय पाहिले. अॅनने प्रत्येक प्रश्नाचे उत्तर लिहिले. मात्र ती स्वतः त्या वेळी तेथे नव्हती. दोघी बहिणींच्या गादीवरील हक्काच्या आड ते मूल येत होते, हे येथे विसरता येत नाही. पण त्यांनी जाणूनबुजून लबाडी केली असे म्हणणे हेही सोपे उत्तर होईल. ज्यावर विश्वास ठेवणे सोयीचे असते त्याची शहानिशा माणूस मोठ्या प्रामाणिकपणे करतो आणि अखेर त्याच जागी येतो.

३० जूनला, बिशप निर्दोष सुटले त्याच दिवशी, सात प्रमुख व्यक्तींनी विल्यमला इंग्लंडमध्ये येण्याचे गुप्त निमंत्रण पाठवले. त्यात मूल राणीचे आहे असे मानणारा हजारांत एक माणूसही येथे नाही असा आशय होता, आणि विल्यमने मुलाच्या जन्माबद्दल अभिनंदन कळवले याची तक्रारही होती. शरद ऋतूत विल्यमने जो जाहीरनामा काढला त्यातही हा संशय नोंदवून त्याच्या चौकशीचे काम स्वतंत्र पार्लमेंटकडे सोपवण्याचे वचन दिले होते. कुजबुज आता राजकीय दस्तऐवजात पोहोचली होती.

आता राजा जागा झाला. २२ ऑक्टोबर १६८८ रोजी त्याने व्हाइटहॉलमध्ये असाधारण सभा भरवली आणि चाळीसांहून अधिक जणांच्या शपथेवर साक्षी घेतल्या. साक्ष देणाऱ्यांत विधवा राणी कॅथरीन होती, म्हणजे जिच्या विवाहाच्या आंदणातून मुंबई बेट इंग्रजांकडे आले तीच. सरदार होते, सरदारपत्नी होत्या, सुईण होती. राणीच्या सेवेतील एका स्त्रीने सांगितले की, ते भांडे आले तेव्हा त्यात निखारे असल्याचे आपण पाहिले. राणीच्या कपड्यांची धुलाई सांभाळणाऱ्या बाईनेही साक्ष दिली, आणि कोणती वस्त्रे कशी आली हे भर दरबारात सांगितले. भारतीय वाचकाला येथे रामकथेतल्या परटाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तेथे अपवाद परटाच्या तोंडून निघाला. येथे त्याचे निवारण परटिणीच्या साक्षीवर येऊन ठेपले.

साक्षींमध्ये एक तपशील असा आहे की, जो वाचताना या साऱ्या प्रकरणाचे खरे मोल कोणी चुकवले हे कळते. वेदना चालू असताना राणीने राजाला विनवले की, आपला चेहरा तुमच्या डोक्याने आणि केसांच्या टोपाने झाकून घ्या. इतके पुरुष पाहत असताना माझी सुटका कशी व्हावी? राजाने तसे केले. मूल खरे असल्याचा पुरावा म्हणून हे शब्द छापले गेले आणि बाजारात विकले गेले. अफवेने तिचे जे उघडे केले होते, त्याहून अधिक तिच्या बाजूच्या पुराव्याने उघडे केले. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त दुर्मुख हा हेर सीतेविषयीचा लोकापवाद आणतो, तो रामाच्या कानात सांगतो. रंगमंचावर त्या शब्दांचा उच्चार होत नाही. प्रेक्षकाला फक्त रामाच्या मुखावरचा परिणाम दिसतो. भवभूतीला त्या अपवादाचा मजकूर देणे काही अवघड नव्हते. १६८८ च्या लंडनमध्ये मात्र दोन्ही पक्षांनी तो मजकूर छापलाच.

साक्षींचा उपयोग झाला नाही. छापील पुस्तिका हाती आल्यावर लोकांनी ती विसंगती शोधण्यासाठी वाचली. एवढा खटाटोप करावा लागतो त्या अर्थी काही तरी असलेच पाहिजे, हा तर्क अशा वेळी हटकून येतो. अॅनकडे साक्षींच्या प्रती नेल्या तेव्हा तिने उत्तर दिले की, याची गरज नव्हती. राजाचा शब्द मला या साक्षींहून मोठा आहे. आदराच्या भाषेत टाळाटाळ कशी करावी याचा हा उत्तम नमुना होय. ५ नोव्हेंबरला विल्यम टॉरबे येथे उतरला. डिसेंबरात राणी तान्ह्या मुलाला घेऊन फ्रान्सला गेली आणि पाठोपाठ राजाही गेला.

आणि मग चौकशी? ती कधीच झाली नाही. १६८९ च्या सभेने राजाने राज्यत्याग केला असे ठरवले आणि सिंहासन रिकामे असल्याचे जाहीर केले. ज्या संशयाने राज्यक्रांतीला एवढा हातभार लावला, त्याचा निकाल लावण्याची गरज आता कोणालाच उरली नव्हती. निकाल विरुद्ध लागला असता तर अडचणच झाली असती. १६९२ साली फ्रान्समध्ये राणीला पुन्हा दिवस गेले, तेव्हा जेम्सने इंग्लंडमधील प्रॉटेस्टंट स्त्रियांना प्रसूतीस हजर राहण्याचे निमंत्रण धाडले. कोणी गेले नाही. मुलगी झाली, सुखरूप झाली. चार वर्षांनी विल्यम फुलर नावाच्या इसमाने पुस्तिका काढून राजपुत्राची ‘खरी आई’ मेरी ग्रे नावाची स्त्री असल्याचे सांगितले. हा फुलर अनेक खोट्या प्रकरणांत सापडला आणि शेवटी चौकात खोड्यात उभा राहिला; तरी त्याला वाचक मिळाले.

त्या काळचा एक इतिहासकार, बिशप गिल्बर्ट बर्नेट, याच्या आत्मकालीन इतिहासात या जन्माची हकिकत विस्ताराने आली आहे. बर्नेट विल्यमच्या पक्षाचा. त्याने गर्भच नव्हता ही कथा दिली, गर्भपात झाला ही दिली, परके मूल आणले ही दिली, ते मेले म्हणून दुसरे आणले हीही दिली, सगळ्या एकमेकींशेजारी. जोनाथन स्विफ्टने आपल्या प्रतीच्या समासात तिरकसपणे मुलांची मोजदाद केली, ती तीनवर गेली. समीक्षेच्या इतिहासात एवढ्या कमी शब्दांत एवढे नेमके काम क्वचितच झाले असेल. बर्नेटला फसवा म्हणण्याचे कारण नाही. त्याला प्रत्येक कथा दुसरीचा पुरावा वाटत होती. वस्तुतः ती दुसरीचे खंडन होती. पुढे एकोणिसाव्या शतकात मेकॉलेने, तो जेम्सचा मुळीच कैवारी नसतानाही, मूल खरेच राणीचे होते हे स्वच्छपणे मान्य केले आणि साक्षीदारांची व्यवस्था नीट न केल्याचा दोष राजाच्या हट्टाकडे वळवला.

अनुवादकाला येथे एक शब्द अडवतो. त्या राजपुत्राला इंग्रजीत पुढे ‘प्रिटेंडर’ हेच नाव पडले. फ्रेंच मुळाशी इमान राखले तर त्याचा अर्थ ‘हक्क सांगणारा’ एवढाच. पण इंग्रजी कानाला त्यात ‘सोंग करणारा’ हेही ऐकू येते. मराठीत ‘दावेदार’ म्हटले तर अर्धा अर्थ जातो, ‘तोतया’ म्हटले तर उरलेला जातो. पेशवाईतल्या भाऊसाहेबांच्या तोतयामुळे मराठीत तो शब्द स्थिरावला खरा, पण तोतया स्वतः सोंग घेतो. या माणसाने जन्म घेण्यापलीकडे काही केले नव्हते. तो १७६६ साली रोममध्ये वारला. सत्त्याहत्तर वर्षांत तो इंग्लंडच्या गादीवर एक दिवसही बसला नाही, आणि तिकडे त्याची सावत्र बहीण अॅन सुमारे सतरा गर्भारपणांनंतर १७१४ मध्ये अपत्यहीन मेली व गादी जर्मन घराण्याकडे गेली. राजजन्माच्या वेळी मंत्र्याने हजर राहण्याची जी चाल इंग्लंडमध्ये पुढे चालू राहिली, तिचा संबंध परंपरेने याच भांड्याशी जोडला जातो. १९३० साली राजकन्या मार्गारेटच्या जन्मासाठी मजूर पक्षाचे गृहमंत्री क्लाइन्स यांना स्कॉटलंडमध्ये दोन आठवड्यांहून अधिक काळ ताटकळत राहावे लागले. १९४८ मध्ये राजपुत्र चार्ल्सच्या जन्मापूर्वी ती चाल बंद झाली.

मराठी वाचकाला हा सारा प्रकार परका वाटू नये. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांना पुरंदरावर नेले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवरावांचा जन्म झाला. राघोबादादांच्या पक्षाने लगेच शंका उभ्या केल्या, आणि त्यांचे दोन्ही नमुने लंडनचेच होते. एक, मुलगी झाल्यास बदलता यावी म्हणून इतर गर्भवती ब्राह्मण स्त्रिया गडावर ठेवल्या होत्या. ही वार्ता ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात नोंदवली आहे. दुसरा नाना फडणिसांच्या नावाशी जोडलेला. लंडनच्या प्रचारचित्रांत राणीच्या शेजारी जेझुइट पाद्री पीटर दाखवीत. त्याच जागी येथे कारभारी आला. मुंबईकर इंग्रजांनी १७७५ च्या सुरतेच्या तहाने दादांचा पक्ष उचलला. पण येथे मुलाचा पक्ष जिंकला, १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने दादांचा दावा संपला, आणि ती वावडी बखरींच्या कोपऱ्यात जाऊन पडली. पुरावा दोन्हीकडे सारखाच होता, किंबहुना लंडनमध्ये कितीतरी अधिक. फरक पडला तो जय कोणाचा झाला एवढ्याने.

वंशाधिकाराला राज्याच्या कारभारात फारसे वजन उरले नाही, तेव्हा अशी अफवा संपावयास हवी होती. ती संपली नाही. तिने मालक बदलला. ‘टॅब्लॉइड’ हा शब्द मुळात १८८४ साली इंग्लंडमधील एका औषधी कंपनीने आपल्या दाबून केलेल्या गोळ्यांसाठी नोंदवलेला व्यापारचिन्हाचा शब्द; पुढे तो गिळण्यास सोप्या अशा वृत्तपत्रांना लागला. पूर्वी अफवा गादीसाठी पिकत होती, आता खपासाठी पिकू लागली. १५ सप्टेंबर १९८४ रोजी जन्मलेल्या राजपुत्र हॅरीविषयी त्याचा पिता चार्ल्स नसून आईच्या परिचयाचा एक लष्करी अधिकारी आहे असे वर्षानुवर्षे छापले गेले. पितळी भांड्याची जागा या वेळी तांबड्या केसांनी घेतली. केसही प्रत्येक घरात असतात, आणि प्रत्येकाला त्यांवरून नाते ओळखता येते असे वाटते. राजपुत्राच्या आजोळी, स्पेन्सर घराण्यात, तांबडे केस होतेच. परंतु तो तपशील कथेच्या कामाचा नव्हता.

कथन करण्याची रीत मात्र बदलली होती. १६८८ च्या पत्रकांनी आरोप सरळ केला. वृत्तपत्राला अब्रुनुकसानीच्या कायद्याचे भय असते, म्हणून ते आरोपाच्या शेजारून जाते. डिसेंबर २००२ मध्ये, हॅरी नुकताच अठरा वर्षांचा झाला असता, एका रविवारच्या पत्राने बातमी दिली ती त्याच्या पितृत्वाची नव्हे, त्याचा डीएनए नमुना चोरण्याच्या कथित कटाची. कटाचा निषेधही करता येतो, राजपुत्राविषयी कळवळाही दाखवता येतो, आणि नमुना कशासाठी हवा होता हे सांगण्याच्या निमित्ताने मूळ गोष्ट पुन्हा छापता येते. ‘म्हणे’ हा शब्द न लिहिताही संपूर्ण बातमी त्या शब्दाच्या आश्रयाने उभी राहते.

जून २०२३ मध्ये हॅरीने लंडनच्या उच्च न्यायालयात त्या पत्रसमूहाविरुद्ध साक्ष दिली. डिसेंबरमध्ये निकाल लागला. तपासलेल्या तेहतीस लेखांपैकी पंधरांमागे बेकायदा मार्गाने मिळवलेली माहिती असल्याचे ठरले आणि १,४०,६०० पौंडांची भरपाई मिळाली. आपल्याला राजकुलातून बाहेर काढले जावे म्हणून लोकांच्या मनात संशय पेरला जात होता काय, असा प्रश्न त्याने आपल्या लेखी साक्षीत विचारला आहे. त्या साक्षीत आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या आईची आणि त्या अधिकाऱ्याची भेट त्याच्या जन्मानंतर झाली, हे त्याला स्वतःला सुमारे २०१४ पर्यंत, म्हणजे वयाच्या तिशीपर्यंत, माहीत नव्हते. पत्रांच्या वार्ताहरांना मात्र तो काळाचा हिशेब चांगला ठाऊक होता, असे त्याचे म्हणणे आहे.